पोंगल : उतू जाणाऱ्या मडक्याचे शास्त्र

दूध उतू जाणे ही मराठी घरातील एक लहानशी आपत्तीच होय. चुलीवर दूध ठेवून क्षणभर कोणी वळले, की फसफस आवाज होतो, करपल्याचा वास सुटतो आणि 'लक्ष कुठे होते?' असा प्रश्न आतल्या खोलीतून येतो. तरीही वर्षातून एका सकाळी हीच गोष्ट आपण हौसेने घडवून आणतो. रथसप्तमीस अंगणात गोवऱ्या पेटवून लहानशा बोळक्यात दूध तापत ठेवावयाचे व ते उतू जाईपर्यंत सूर्यासमोर हात जोडून उभे राहावयाचे, ही चाल आपल्याकडे अनेक घरी आजही आहे.

तमिळ देशात याच चालीचा मोठा सण झालेला आहे. 'पोंगु' या तमिळ क्रियापदाचा अर्थ 'ऊत येणे, उतू जाणे'; त्यावरूनच 'पोंगल' हे सणाचे नाव पडले. त्या दिवशी मडक्यात शिजणाऱ्या अन्नाचेही नाव पोंगलच. आपण ज्या दिवशी तीळगूळ वाटतो, बहुधा त्याच दिवशी, म्हणजे १४ किंवा १५ जानेवारीस, तमिळ पंचांगातील 'तै' महिना लागतो आणि घरोघर मडकी उतू जातात.

भात, जीवनसत्त्वे व कालगणना या विषयांवरील पुस्तिका मराठीत आणण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. ते करताना हे विषय एकमेकांपासून फार दूरचे आहेत असेच मला वाटत असे. ते सारे एकाच मडक्यात शिजताना पाहावयास मिळाले ते चेन्नईस, एका पोंगलाच्या सकाळी. त्या सणाची व त्यातील अन्नाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

भोगीची पहाट

पोंगल चार दिवस चालतो. पहिला दिवस भोगी, दुसरा मुख्य पोंगल, तिसरा गुराढोरांचा माट्टु पोंगल आणि चौथा आप्तेष्टांना भेटावयाचा काणुम पोंगल. भोगी हे नाव मराठी वाचकास परके नाही. आपल्या भोगीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी असते. चेन्नईच्या भोगीस मात्र पहाटे घरातील जुने-पुराणे जिन्नस दारापुढे जाळतात.

पूर्वी खेड्यांत हे जिन्नस म्हणजे फाटक्या चटया, झिजलेले खराटे, जुने गवत असे. ते जळून राख होई व राख शेतात जाई. शहरात त्यांची जागा रबरी टायर व प्लॅस्टिकने घेतली. जानेवारीच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्या वरची हवा त्या मानाने उबदार असते; त्यामुळे धूर वर न जाता झाकण घातल्याप्रमाणे खालीच कोंडून राहतो. धुराच्या कणांवर बाष्प साचून धुके अधिक दाट होते. २०१८ साली भोगीच्या सकाळी अशा धुरकटीमुळे चेन्नईच्या विमानतळावरील वाहतूक विस्कळीत झाली होती. टायर व प्लॅस्टिक जाळू नका, असे आवाहन राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ करीत असते. मी गेलो त्या पहाटेही रस्त्यांवर धुराचा पडदा होता. मात्र पुष्कळ दारांपुढे नुसत्या दोन-चार काटक्यांची नावापुरती होळी दिसली. चाल राहिली होती, टायर गेले होते.

त्या दिवशी कोयंबेडूचा बाजार अवश्य पाहावा. १९९६ साली सुरू झालेला हा भाजीपाल्याचा, फळांचा व फुलांचा विस्तीर्ण बाजार पोंगलाच्या आधी उसाचा व हळदीचा होऊन जातो. जांभळ्या-काळ्या सालीच्या उसाच्या मोळ्या उभ्या रचलेल्या असतात. चरकात घालावयाचा हा ऊस नव्हे, दातांनी सोलून खावयाचा. सालीचा जांभळा रंग अँथोसायनिन या जातीच्या रंगद्रव्यांचा. जांभूळ व काळी द्राक्षे यांनाही रंग येतो तो याच कुळातील द्रव्यांमुळे. शेजारीच हळदीची पानांसकट, कंदांसकट उपटलेली झाडे जुड्या बांधून ठेवलेली असतात. सांगलीकडील वाचकांस हळदीचे कौतुक सांगावयास नको. परंतु हळदीचे अख्खे हिरवे झाड पूजेसाठी विकले जाताना त्यांनीही क्वचितच पाहिले असेल. ते मडक्याच्या गळ्याभोवती बांधतात.

भाज्यांच्या गल्लीत तांबडा भोपळा, रताळी, सुरण, कच्ची केळी, वांगी यांच्या राशी असतात आणि त्यांच्या जोडीस 'अवरै' व 'मोच्चै' ही दोन नावे सारखी कानांवर पडतात. अवरै म्हणजे वालपापडीसारख्या कोवळ्या शेंगा आणि मोच्चै म्हणजे सोललेले टपोरे पावटे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकाच जातीच्या वेलीची. या साऱ्या भाज्या एकत्र करून सात भाज्यांचे चिंचेचे कालवण पोंगलास करतात. आपल्या भोगीच्या भाजीतही पावटा, वांगे, गाजर, हरभरा यांचा मेळ असतोच. दोन प्रांतांतील गृहिणींनी हे एकमेकींस विचारून ठरविले नसावे. त्या दिवसांत जे पिकते तेच दोघींनी रांधले. पावटा नेमका याच दिवसांत का पिकतो, हा प्रश्न वाचकांनी मनात ठेवावा. त्याचे उत्तर पुढे येणार आहे.

दूध उतू का जाते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मैलापूरच्या एका घरी मला बोलावणे होते. घर तंजावरच्या मराठी कुटुंबाचे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरात राज्य स्थापिले, ते १८५५ पर्यंत टिकले. त्या राज्याबरोबर दक्षिणेस गेलेल्या कुटुंबांचे वंशज तंजावरात, चेन्नईत व अन्यत्र आजही आहेत आणि घरात एक निराळ्या वळणाची मराठी बोलतात. या घरच्या आजींचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे बोलणे कळावयास मला प्रथम थोडा प्रयास पडला. कारण त्यातील काही शब्द मी फक्त जुन्या बखरींत वाचलेले होते आणि उरलेल्यांत तमिळची गोड भेसळ होती.

गच्चीवर तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे आपली रांगोळी, घातलेला होता. तीन विटांच्या चुलीवर मातीचे मडके, त्याच्या गळ्याशी हळदीचे झाड, बाजूस उसाची दोन कांडी आडवीउभी टेकविलेली. मडक्यात दूध व पाणी, आणि त्यात तांदळाचे दुसरे धुवणही ओतलेले. घरातील लहानथोर सारे मडक्याकडे डोळे लावून बसले होते.

नुसते पाणी उकळले तर ते असे उतू जात नाही. तळाशी वाफेचे बुडबुडे होतात, वर येतात व फुटतात. दुधात मात्र सुमारे ८७ टक्के पाणी असले, तरी उरलेल्या भागात स्निग्धांश, दुग्धशर्करा व प्रथिने असतात. दूध सत्तर अंशांच्या वर तापू लागले, की त्यातील काही प्रथिनांच्या घड्या उलगडतात व ती एकमेकांत गुंतू लागतात. पृष्ठभागावरील पाणी उडून जाते, तेथे प्रथिने व स्निग्धांश यांची साय धरते. तळाकडून येणाऱ्या वाफेच्या प्रत्येक बुडबुड्यावरही प्रथिनांचे पातळ पण चिवट आवरण चढते. म्हणून तो सहजी फुटत नाही. बुडबुड्यावर बुडबुडा चढतो, फेस होतो, आणि तो सायीसकट वर उचलला जातो.

येथे मडक्याच्या आकाराचाही भाग आहे. पोट रुंद व गळा अरुंद असल्यामुळे फेस गळ्याशी आला, की तेवढाच फेस अधिक उंची व्यापतो व झपाट्याने चढतो. तांदळाच्या धुवणातील पिष्टकण द्रव थोडा दाट करून फेसाला अधिक टिकाव देतात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही योजना मडके उतू जाण्यास सर्व बाजूंनी अनुकूल आहे, असे म्हणावयास हरकत नाही. दूध कोणत्या दिशेस उतू गेले यावरून वर्षाचा शकुनही पाहतात. दिशा अर्थातच मडक्याचा कल व जाळाचा झोत यांवर अवलंबून असते. आणि आजींनी विटा लावताना कल कोणीकडे ठेवावा याची काळजी घेतलेली माझ्या नजरेतून सुटली नाही.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग वडील माणसांच्या देखरेखीखाली करून पाहावा. एकाच आकाराच्या दोन भांड्यांत सारखेच पाणी व दूध घेऊन सारख्या आचेवर ठेवावे. नंतर दुधावर एक लाकडी पळी आडवी ठेवून पुन्हा पाहावे. फेस पळीला लागताच थंडावतो, त्याचे बुडबुडे फुटतात, आणि उतू जाणे काही काळ तरी लांबते.

फेस मडक्याच्या काठावरून ओघळला, जाळावर चरचरला, आणि 'पोंगलो पोंगल!' असा एकच गजर झाला. शेजारच्या गच्च्यांवरूनही तोच आवाज येऊ लागला. मग आजींनी धुतलेले तांदूळ ओंजळीने मडक्यात सोडले.

मडक्यातील अन्न

हे तांदूळ 'पच्चरिसी', म्हणजे न उकडलेले. एरवीच्या जेवणास तमिळ देशात पुष्कळ घरी 'पुळुंगलरिसी' वापरतात. तो म्हणजे आपल्या कोकण-गोमंतकातील उकडा तांदूळ. भात भिजवून, वाफवून व वाळवून मग सडला, म्हणजे कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा बराच अंश दाण्याच्या आत शिरतो व सडताना त्याचा नाश कमी होतो. हे जीवनसत्त्व न मिळाल्यास बेरीबेरी हा मज्जातंतूंचा व हृदयाचा रोग जडतो. जावा बेटात आइकमान या डच वैद्याने सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत याच जातीचा रोग पाहिला आणि त्या शोधासाठी त्यास १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जुन्या मद्रास इलाख्यातही हा धडा मिळाला होता. न उकडलेला गिरणीचा तांदूळ खाणाऱ्या आंध्र किनाऱ्यावर बेरीबेरी आढळे; उकड्या तांदळाच्या प्रदेशात तो विरळा. निलगिरीतील कुन्नूर येथील प्रयोगशाळेत मॅकॅरिसन व त्यांच्या नंतरच्या संशोधकांनी आहाराच्या अशा प्रश्नांवर काम केले. तीच संस्था १९५८ साली हैदराबादेस गेली व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. सणाला न उकडलेला तांदूळ घेतात तो सोवळ्यासाठी. पण तो लवकर मऊ होऊन आळतो, हा पाकशास्त्राचा लाभही त्यात आहे.

तांदळाच्या जोडीला मुगाची डाळ असते. तांदळात प्रथिने सुमारे सात टक्के, मुगात सुमारे चोवीस. तथापि केवळ परिमाणाचा प्रश्न नाही. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी लायसिन हे तांदळात कमी व डाळीत भरपूर असते. उलट मेथिओनिन डाळीत कमी व तांदळात त्या मानाने अधिक. एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपली खिचडी व तमिळांचे पोंगल यांची पोषणाची युक्ती एकच.

मडक्यात भात व डाळ शिजून मऊ झाल्यावरच आजींनी गुळाचा गाळलेला पाक ओतला. 'आधी का नाही?' असे मी विचारता त्या म्हणाल्या, की गूळ आधी पडला तर तांदूळ हट्टाला पेटतो, शिजत नाही. शास्त्रही हेच सांगते. पिष्टकण पाणी शोषून फुगतात तेव्हा भात मऊ होतो. गूळ आधी घातला, तर साखर पाणी स्वतःकडे धरून ठेवते आणि कण फुगावयास अधिक उष्णता लागते. शिवाय गुळातील आम्ल व क्षार यांमुळे तापलेले दूध नासण्याचाही संभव असतो. शेवटी तुपात परतलेले काजू व बेदाणे, वेलदोड्याची पूड आणि मोहरीएवढा खावयाचा कापूर पडला. हा 'शक्करै पोंगल'. केळीच्या पानावर वाढलेल्या त्या तांबूस, तुपाळ घासात गुळाचा खमंगपणा आधी येतो व कापराचा गारवा मागाहून. मातीच्या मडक्याचा व धुराचा किंचित वास त्यात उतरलेला असतो. तो गॅसच्या शेगडीवरच्या भांड्यात येत नाही.

दुसरे भांडे 'वेण पोंगल'चे, म्हणजे पांढऱ्या पोंगलाचे. यात गूळ नाही. अख्खी मिरी, जिरे, आले, कढीलिंब व काजू तुपात परतून घालतात. मिरीचा तिखटपणा पायपेरिन या द्रव्याचा. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, पण तुपात उतरते, म्हणून फोडणी तुपाची. तूप व भात यांच्या या मेळाने पोटास इतके समाधान लाभते, की चेन्नईत वेण पोंगल खाऊन कचेरीत गेलेल्या माणसाच्या डुलक्यांवर विनोद केले जातात. पानावर सांबारही होते. संभाजी राजांच्या नावावरून त्यास सांबार म्हणू लागले अशी आख्यायिका तंजावरकडे सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. परंतु शेजारी वाढलेली वांग्याची 'रसवांगी' आपले मराठी मूळ नावातच सांगत होती.

संक्रांत सरकते

भोजनोत्तर आजींच्या नातवाने मला अडचणीत टाकले. सूर्य उत्तरेकडे वळतो म्हणून हा सण, असे शाळेत सांगतात. पण भूगोलाच्या पुस्तकात तर तो २१-२२ डिसेंबरलाच वळतो असे लिहिले आहे. मग खरे काय? दोन्ही खरे, परंतु निरनिराळ्या काळी.

फिरणाऱ्या भोवऱ्याचा वेग मंदावला, की त्याची आर जागेवर राहून माथा सावकाश गोल डोलतो. पृथ्वीचा अक्षही असाच डोलतो. त्याच्या एका फेऱ्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात. या अयनचलनामुळे ऋतूंवर मोजलेले वर्ष तारकांवर मोजलेल्या वर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी लहान असते. आपली संक्रांत व तमिळांचा तै महिना हे तारकांच्या, म्हणजे निरयन, गणितावर चालतात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रमण व उत्तरायणाचा आरंभ एकाच सुमारास येत असत. त्यानंतर दर सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस याप्रमाणे संक्रांत पुढे सरकत आली आहे.

याचे पुरावे इतिहासात आहेत. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा. तारीख होती १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ वा १५ तारखेस येते. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले, म्हणून मराठ्यांवर संक्रांतीच्या दिवशीच संक्रांत कोसळली असे आपण सहज म्हणतो. परंतु हिशेब मागे नेला, तर त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली होती. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात सायन व निरयन या वादाचा ऊहापोह केला आहे. पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून ऋतूंशी जुळणारे राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून सुरू झाले. सण मात्र जुन्याच गणिताने साजरे होत राहिले.

पिकाचे पंचांग

माणसाचे पंचांग सरकते. पिकाचे मात्र सरकत नाही. ते ऋतूवर चालते.

महाराष्ट्रास पाऊस मिळतो तो जून ते सप्टेंबरच्या नैर्ऋत्य वाऱ्यांपासून. तमिळ किनारा त्या काळात सह्याद्रीच्या आडोशास पडतो. त्याचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या ईशान्य वाऱ्यांचा. कावेरीच्या मुखाकडील प्रदेशात ऑगस्ट-सप्टेंबरात 'सांबा' हंगामाचे भात लावतात. आधी मेट्टूर धरणाचे पाणी व मग ईशान्येचा पाऊस, यांवर ते वाढते व जानेवारीत कापणीस येते. ऊस, हळद व पावटा हेही याच सुमारास तयार असतात. म्हणजे मडक्यात व मडक्याभोवती जे जे होते, ते ते त्याच ऋतूचे होते.

परंतु भातास कसे कळते, की आता फुलावे? १९२० साली अमेरिकेतील गार्नर व अ‍ॅलार्ड यांनी दाखवून दिले, की कित्येक वनस्पती दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवितात. दिवस लहान व रात्र मोठी होऊ लागली म्हणजे ज्या फुलतात त्यांना लघुदिनी वनस्पती म्हणतात. भाताचे जुने सांबा वाण व आपला गावठी पावटा या त्यातल्याच. तंजावरास वर्षातील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत फरक असतो अवघा सव्वा तासाचा. पण भाताच्या रोपास तेवढा पुरतो. पेरणी दोन-तीन आठवडे मागेपुढे झाली, तरी असे वाण फुलतात जवळजवळ एकाच वेळी, पावसाचा जोर ओसरण्याच्या सुमारास. त्यानंतर सुमारे महिन्याने दाणा पिकतो आणि तै महिना लागतो. पावट्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

फिलिपिन्समधील संशोधन संस्थेने १९६६ साली प्रसृत केलेल्या आय. आर. ८ या बुटक्या वाणाने व त्याच्या वंशजांनी ही गाठ सोडविली. हे वाण दिवसाच्या लांबीची पर्वा करीत नाहीत. लावल्यापासून ठराविक दिवसांत पिकतात, खत पचवितात, ओंबीच्या भाराने आडवे होत नाहीत. त्यांनी देशावरील उपासमारीचे सावट दूर करण्यास मोठा हातभार लावला, हे विसरता येणार नाही. चेन्नईच्या तरमणी भागात १९८८ साली संशोधन संस्था स्थापणारे डॉ. एम. एस. स्वामिनाथन हे या परिवर्तनाचे एक शिल्पकार होते. मात्र जुने वाण शेतांतून नाहीसे होऊ लागले. ते वाचविण्यासाठी खपणाऱ्यांत तंजावर खोऱ्यातील 'नेल' जयरामन यांचे नाव घेतले पाहिजे. 'नेल' म्हणजे भात. २०१८ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांनी दीडशेहून अधिक जुने वाण मिळवून शेतकऱ्यांच्या हाती परत दिले होते.

तारीख येते, पीक येतेच असे नाही

'तै जन्मला की वाट जन्मते' अशा अर्थाची एक तमिळ म्हण आहे. कापणी झाली, हाती पैसा आला, की लग्नकार्ये व देणी-घेणी यांना वाट मिळते. परंतु पंचांगातील तै दर वर्षी जन्मतो. वाट जन्मतेच असे नाही.

२०१६ साली ईशान्येचा पाऊस सरासरीच्या निम्म्याहूनही कमी झाला. कावेरीतही पाणी नव्हते. १० जानेवारी २०१७ रोजी सारे राज्य दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर झाले. चारच दिवसांनी पोंगल होता. उलट जानेवारी २०२१ मध्ये, पाऊस ओसरून ऊन पडावयाचे त्या दिवसांत, कावेरीच्या खोऱ्यावर मुसळधार पाऊस कोसळला. कापणीस आलेले सांबा भात पाण्यात आडवे झाले आणि ओंब्यांतच दाण्यांना मोड आले.

आजींच्या माहेरची थोडी शेती त्याच खोऱ्यात आहे व दर पोंगलास तेथून नव्या तांदळाची एक पिशवी चेन्नईस येते. त्या वर्षी पिशवी आली नाही. त्यांच्या भावाने फोनवर एवढेच सांगितले, की भात उभे नाही. तांदूळ मग दुकानातून आणला. मडके उतू गेले, पण 'पोंगलो पोंगल' म्हणावयास तोंड उघडेना, असे आजी सांगत होत्या. नातू तेव्हा लहान होता. त्याने एकट्याने आरोळी दिली. शहरातील मडके शेताशी कशाने बांधलेले आहे, हे त्या वर्षी घरातील सर्वांना कळले.

अशा आपत्तींवर विज्ञानाजवळ एकच रामबाण उपाय नाही. पण उपाय आहेत, आणि त्यांतील कित्येकांचे मूळ जुन्या वाणांत आहे. ओडिशातील एका स्थानिक वाणात पुराखाली बुडून राहण्याची शक्ती होती. तिला कारण असणारा जनुक २००६ साली ओळखला गेला व तो 'सब-१' या नावाने नव्या वाणांत आणला गेला. तमिळनाडूत लावला जाणारा सी. आर. १००९ सब-१ हा वाण अशांपैकी एक. त्याचे रोप सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरते. पिकलेल्या ओंबीवरील पावसास मात्र याचा उपयोग नाही. तेथे हवा तो बीजाच्या सुप्तावस्थेचा गुण, म्हणजे ओले झाले तरी दाण्याने काही आठवडे न रुजणे; तोही अनेक जुन्या वाणांत असतो. आज निरुपयोगी वाटणाऱ्या बियाण्यात उद्याच्या संकटाचे उत्तर दडलेले असू शकते. म्हणून ते राखावयाचे.

तिसऱ्या दिवशी माट्टु पोंगल होता. शहरात बैल थोडे. तरी मैलापूरच्या एका गल्लीत गोवाल्याच्या गाईंची शिंगे रंगविलेली होती व गळ्यात उसाची कांडी बांधली होती. आपला पोळा पेरणीची कामे संपल्यावर येतो, त्यांचा कापणीनंतर. पावसाचे महिने निराळे म्हणून कृतज्ञतेचे दिवस निराळे. चौथ्या दिवशी मरीना किनाऱ्यावर माणसांचा पूर लोटला. डब्यांतून चित्रान्ने निघाली, मुले लाटांत भिजली.

निघताना आजींनी माझ्या हाती कागदाची पुडी दिली. तीत त्या वर्षीच्या नव्या भाताचे, टरफलासकट, मूठभर दाणे होते. शिजवावयास नव्हेत, पेरून पाहावयास. ते आमच्या गावच्या शाळेतील मुलांना दिले आहेत. काही दाणे जूनमध्ये व काही ऑगस्टमध्ये पेरावयाचे, शेजारी गावठी पावट्याचे वेलही दोन वेळा लावावयाचे, आणि प्रत्येकास पहिले फूल कोणत्या तारखेस आले ते वहीत टिपून ठेवावयाचे, असे ठरले आहे. ज्या वाचकांस अंगणात वाफाभर जागा असेल, त्यांनीही हा प्रयोग करून पाहावा. पिकाचे पंचांग वाचावयास दुसरे साधन लागत नाही.